खोडणे, घालणे, बदलणे: त्रिरश्मीच्या शिळेपासून कोड एडिटरपर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची ओसरी. तिच्या पूर्वेकडील भिंतीवर, छताच्या लगत, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दोन राजाज्ञा एकीमागून एक कोरलेल्या आहेत. पहिली गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष १८ मधील, दुसरी राज्यवर्ष २४ मधील. पहिलीत एक शेत दान दिले आहे. दुसरीत त्या शेताच्या जागी दुसरे दिले आहे. संगणकावर प्रोग्राम लिहिणारा कोणीही आज दिवसभरात कितीतरी वेळा जी क्रिया करतो, 'जुने शोधा आणि त्या जागी नवे ठेवा', तिचा हा नाशिकमधला एक फार जुना नमुना. भेद एवढाच की येथे जुने पुसलेले नाही.

आजचा धागा या भेदाविषयी आहे. मजकुरात बदल करणे आणि बदल केल्याची खूण राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. दगडावर, पोथीत आणि दफ्तरात ती बहुधा एकत्र नांदत होती. संगणकाच्या एडिटरने त्यांची फारकत केली, आणि मग प्रोग्रामर मंडळींना दुसरे काम नव्याने उभे करावे लागले.

आधी प्रोग्रामरचा एडिटर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकाला द्यायच्या आज्ञांचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ज्या साधनात लिहितात ते हे साधन. पत्रे वा पुस्तके टंकण्याच्या सॉफ्टवेअरहून ते वेगळे. ठळक अक्षरे, सजलेल्या चौकटी यांना त्यात स्थान नाही. पडद्यावर शब्द रंगीत दिसले तरी तो रंग फाइलमध्ये नसतो. फाइलमध्ये असतात निव्वळ अक्षरे, ओळीमागून ओळ. त्यांवर करायच्या मूळ क्रियाही मोजक्याच: घालणे, खोडणे, उचलून दुसरीकडे ठेवणे, शोधणे, बदलणे आणि केलेले मागे घेणे. बाकीचे सारे या पायावर चढवलेले मजले. एक कंस चुकीच्या जागी पडला तरी अख्खा प्रोग्राम अडतो, त्यामुळे या साध्या क्रियांना तेथे जमिनीच्या दस्तातील शब्दांइतके वजन असते.

आता पुन्हा लेण्याकडे. राज्यवर्ष १८ ची आज्ञा गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला उद्देशून आहे. हे गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गोदाकाठी आजही त्याच नावाने नांदणारे गाव. त्या काळी ते आहाराचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, ठाणे होते. अपर-कखडी गावातील, पूर्वी उसभदाताच्या भोगात असलेले २०० निवर्तनांचे शेत डोंगरावरील संन्याशांना दिले, असे राजा कळवतो. हा उसभदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल, तर जिंकलेल्या शत्रूच्या ताब्यातील जमीन नव्या राजाने दान दिली, असा त्याचा अर्थ होतो.

सहा वर्षांनी दुसरी आज्ञा निघते. आता गोवर्धनाचा अमात्य श्यामक आहे, आणि आज्ञा गौतमीपुत्राच्या जोडीने राजमातेच्याही नावाने आहे. तिच्यातील मजकूर मोठा प्रांजळ आहे. कखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिले. पण ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय जमिनीतून १०० निवर्तने या भिक्षूंना देत आहोत. राजपुरुषांनी त्या शेतात शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, अशा सवलती पुढे जोडल्या आहेत.

२०० च्या जागी १०० आले, ओसाड गावाच्या जागी नगराची सीमा आली. आणि बदलाचे कारणही लिहिले गेले. प्रोग्रामरांच्या जगात आज एक शिष्टाचार आहे: कोडमध्ये बदल केला की तो का केला याची ओळभर टीप सोबत ठेवावी. पुष्कळ मंडळी ती कंटाळत, 'दुरुस्ती केली' एवढीच लिहितात. गौतमीपुत्राच्या दफ्तराने याहून चांगली टीप लिहिली होती, असे म्हणणे भाग आहे.

राजाच्या प्रतिष्ठेला ही नोंद सोयीची नव्हती. आपले दान निरुपयोगी ठरले ही कबुली त्याने स्वतःच्या पराक्रमाच्या काळात, स्वतःच्या लेण्यात, सर्वांच्या नजरेसमोर कोरून घेतली. जुना लेख छिन्नीने तासून त्या जागी नवा कोरणे अशक्य नव्हते. तो ठेवला गेला, कारण नव्या १०० निवर्तनांचा हक्क त्या जुन्या २०० वरच उभा होता. जुने वाचल्याशिवाय नवे कळत नाही.

शेवटच्या ओळी तर एखाद्या कारकुनाला आनंद देतील अशा आहेत. आज्ञा तोंडी दिली गेली. लेखाचा मसुदा प्रतिहाररक्षी लोटा हिने केला; नावाचे रूप स्त्रीलिंगी आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. दस्त सिद्ध केला सुजीवीने. तारखाही दोन आहेत: एक ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातील दहावा दिवस, दुसरी वर्षाऋतूच्या चौथ्या पक्षातील पाचवा दिवस. नोंद उन्हाळ्यात झाली आणि पटिका हाती पडली ती पावसाळ्यात. मध्ये सुमारे पाच महिने गेले. सरकारी कागदाला लागणारा वेळ ही ब्रिटिशांची देणगी नव्हे!

पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष २२ मध्ये याच लेण्यात तिसरा बदल कोरला गेला. राज्यवर्ष १९ मध्ये गोवर्धन आहारातील दक्षिण मार्गावरचे सुदिसण गाव राणीच्या लेण्यातील भदायनीय भिक्षूंना दिले होते. त्याऐवजी पूर्व मार्गावरचे सामलिपद गाव दिले. येथेही जुन्या गावाचे नाव, जुने वर्ष आणि जुनी तिथी नव्या आज्ञेत जशीच्या तशी सांगितली आहे.

दगडावरचा लेख हीच मूळ प्रत होती असे मात्र समजू नये. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा प्रसिद्ध लेख आहे. गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली: २००० दरमहा शेकडा एक या दराने, १००० पाऊण या दराने. हे सारे निगमसभेत ऐकवले आणि रीतीप्रमाणे 'फलकवारा'त नोंदवले, असे लेख सांगतो. फलक म्हणजे फळी, आणि फलकवार म्हणजे अशा नोंदींचे दफ्तर. मूळ फाइल तिकडे होती; डोंगरावर दिसते ती जाहीर प्रत. फळ्या गेल्या, दगड राहिला, म्हणून आज आपण दगडालाच मूळ मानतो.

त्याच लेण्यातील त्याच्या दुसऱ्या एका लेखात मागाहून घातलेल्या मजकुराची खूणही दिसते. आरंभी उषवदाताचे वर्णन तृतीय पुरुषी चालते: त्याने गाई दिल्या, घाट बांधले, नावा ठेवल्या. मग एकाएकी 'मी गेलो' असा प्रथमपुरुषी मजकूर सुरू होतो, मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेची हकीकत येते. अभ्यासकांनी हा भाग पुरवणी मानला आहे. दोन वेगळ्या फाइलींतील ओळी एकत्र चिकटवल्या आणि सांध्यावरून हात फिरवायचा राहिला, की असेच दिसते.

दगडाकडून पोथीकडे आलो की खोडण्याचे तंत्र बदलते. कागदावर शाई पुसता येत नाही, ती झाकावी लागते. त्यासाठी हरताळ वापरत. हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे पिवळे खनिज. त्याची पूड डिंकाच्या पाण्यात खलून चुकलेल्या अक्षरावर लावायची, वाळली की तीवर नवे अक्षर लिहायचे. पुष्कळ पोथ्यांचा कागदच हरताळाने पिवळा केलेला असे, त्यामुळे ठिगळ डोळ्यांत भरत नसे. 'तत्त्वांना हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार या दौतीशेजारच्या वाटीतून आला आहे. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत तो अजून रोज भेटतो. वाटी मात्र कोणी पाहिलेली नसते.

घालण्यासाठी होते काकपद, ज्याला हंसपदही म्हणतात. दोन अक्षरांमध्ये कावळ्याच्या पायासारखी खूण करायची आणि गळलेला शब्द ओळीवर किंवा समासात लिहायचा. समासात लिहिला तर तो कितव्या ओळीतला, हे कळावे म्हणून शेजारी ओळीचा आकडा. वरून मोजायचे की खालून, याचेही संकेत होते. दोन अक्षरांची अदलाबदल झाली असेल तर त्यांच्या डोक्यावर १ आणि २ असे बारीक आकडे घालत. वाचणाऱ्याने त्या क्रमाने वाचायचे. काहीच न पुसता जागा बदलण्याची ही युक्ती मला तरी विलक्षण देखणी वाटते.

हरताळाखालचे अक्षर अनेकदा अंधूक दिसते. पाठचिकित्सा करणाऱ्यांना तो आधार असतो: लेखनिकाने आधी काय लिहिले, मग काय केले, ही चूक होती की मुद्दाम केलेला बदल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. खोडलेले अक्षरसुद्धा पुरावा असते.

मराठेशाहीच्या दफ्तरात चिंता उलटी होती: कोणी मागून काही घालू नये. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असते हे सर्वांना ठाऊक आहे. पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा असते, तिच्याकडे लक्ष कमी जाते. तिचा अर्थच 'ही मर्यादा आहे'. मजकूर येथे संपला. याखाली कोणी ओळ घातली तर ती राजाची नव्हे. यालाच मोर्तब म्हणत. लांब दस्त कागदाला कागद चिकटवून करावा लागे, तेव्हा जोडावरही शिक्का उठवण्याची पद्धत होती. मधलाच एक कागद काढून दुसरा घातला तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळणार नाहीत. घालणे आणि खोडणे या क्रिया जितक्या जुन्या, तितकेच त्यांना कुलूप घालणेही जुने.

आता यंत्रांच्या युगात येऊ. येथे पहिली खोडण्याची कळ हरताळाच्याच कुळातली निघाली, ही इतिहासाची गंमत. दूरमुद्रकाच्या कागदी फितीवर प्रत्येक अक्षर म्हणजे भोकांची एक आडवी रांग असे. एकदा पडलेले भोक बुजवता येत नाही. उरलेल्या जागी आणखी भोके मात्र पाडता येतात. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या सातही जागी भोके पाडायची आणि सातही भोके असलेली रांग यंत्राने सोडून द्यायची, असा संकेत ठरला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रणालीत हे 'डिलीट' अक्षर १२७ व्या क्रमांकावर बसले: सात अंक, सातही एक. तुमच्या संगणकात ते आजही तिथेच आहे. त्या डिलीटने काही नाहीसे होत नव्हते, झाकले जात होते.

दुसरा मार्ग पंचकार्डांचा. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा प्रोग्राम म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा असे, एका कार्डावर एक ओळ. ओळ खोडायची तर कार्ड काढायचे. घालायची तर नवे कार्ड छिद्रून मध्ये सरकवायचे. हलवायची तर उचलून दुसरीकडे ठेवायचे. 'कट' आणि 'पेस्ट' येथे शब्दशः हाताने चाले. गठ्ठा हातातून निसटला की मात्र संध्याकाळ गेली. म्हणून फोर्ट्रान भाषेत कार्डाचे ७३ ते ८० हे स्तंभ क्रमांकासाठी मोकळे ठेवत, आणि जाणती मंडळी गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ ओढून ठेवत. रेघ तुटली की कळे, कोणते कार्ड जागेवर नाही. जोडावरच्या शिक्क्याची ही धाकटी बहीणच!

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीसाठी 'एड' नावाचा एडिटर लिहिला. त्याआधी बर्कलीला झालेल्या 'क्यूईडी' या एडिटरचा तो वारस. 'एड'ला पडदा ठाऊक नव्हता. टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर कागद सरकत असे. मजकूर समोर दिसत नसल्यामुळे ओळीचा क्रमांक सांगायचा आणि एका अक्षराची आज्ञा द्यायची: 'ए' म्हणजे या ओळीनंतर जोड, 'आय' म्हणजे आधी घाल, 'डी' म्हणजे खोड, 'सी' म्हणजे ओळ बदल, 'एस' म्हणजे ओळीतील शब्द बदल. पोथीच्या समासातील ओळीचा आकडा आणि ही आज्ञा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. काही चुकले तर 'एड' फक्त एक प्रश्नचिन्ह छापे. इतका अबोल कारकून दुसरा झाला नसेल.

पुळुमावीची आज्ञा 'एड'च्या बोलीत लिहायची तर ती अशी होईल: एस/सुदिसण/सामलिपद/. हा तिरप्या रेघांचा संकेत पन्नासहून अधिक वर्षे टिकून आहे. पण एवढी आज्ञा दिल्यावर फाइलमध्ये सुदिसण उरत नाही. जुने गाव नाही, जुने वर्ष नाही, कारण नाही, लोटा आणि सुजीवी नाहीत. पाहणाऱ्याला वाटेल, आरंभापासून सामलिपदच होते.

शोधण्याच्या क्रियेत मात्र 'एड'ने मोठी झेप घेतली. थॉम्पसन यांनी १९६८ साली एक शोधनिबंध लिहून नमुना-शोधाची रीत मांडली होती: नेमका शब्द न देता शब्दाचा साचा द्यायचा. त्याचा उपयोग आपल्या गावाच्या नावावरच करून पाहू. कोणी 'नाशिक' लिहितो, कोणी 'नासिक'. अठराव्या लेण्यावरील, धंभिक गावाच्या दानाच्या लेखात हे नाव 'नासिक' असे, दंत्य स घेऊन येते. म्हणजे वाद दोन सहस्रके जुन्या दगडापर्यंत नेता येतो. संग्रहातील सगळे उल्लेख हवे असतील तर साधा शोध अर्धेच सापडवील. साचा मात्र दोन्ही पकडतो: ना[शस]िक. चौकटी कंसाचा अर्थ, यांपैकी कोणतेही एक अक्षर.

या साच्याकडे नीट पाहा. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराऐवजी कंसाला लटकली आहे. पडद्यावर ती 'शि'च्या आधी दिसते, पण संगणकाच्या साठ्यात 'श'नंतर येते. मध्ये कंस आल्याबरोबर ती बिचारी अनाथ झाली. ही साधने ज्यांनी घडवली त्यांच्या लिपीत एक खूण म्हणजे एक अक्षर होते. आपल्या लिपीत तसे नाही. 'नाशिक' उच्चारायला तीन अक्षरे, साठ्यात पाच खुणा: न, काना, श, वेलांटी, क. 'क्षेत्र' दोन अक्षरे, खुणा सात. बहुतेक एडिटरांत 'क्षि'नंतर बॅकस्पेस दाबला की आधी फक्त वेलांटी जाते, मग ष, मग पाय मोडल्याची खूण. तीच जोडाक्षरे पुढच्या बाजूने डिलीटने खोडली तर अनेकदा अख्खे अक्षर एकदम जाते. पोथीचा लेखनिक अक्षराला हरताळ लावी. आपण अक्षराच्या अवयवांना लावतो.

बदलण्याचा धोका याच नावात पाहता येतो. समजा, एखाद्या मोठ्या मजकुरात 'नासिक'च्या जागी सर्वत्र 'नाशिक' करायचे ठरले. आज्ञा दिली, क्षणात काम झाले. मग कळते की 'नासिका' या शब्दाची 'नाशिका' झाली आहे आणि व्याकरणातील 'अनुनासिक' आता 'अनुनाशिक' आहे. 'फक्त पूर्ण शब्द शोधा' असा पर्याय असतो. पण अनेक साधने काना-मात्रांना अक्षरांत धरतच नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हे त्यांना मराठीत नीट कळत नाही. अशा वेळी एकेक जागा पाहून होकार देणे हाच शहाणपणा. त्याला वेळ लागतो. गौतमीपुत्रालाही पाच महिने लागले.

आणखी एक धागा येथे जुळतो. सप्टेंबर १९९२ मध्ये याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्या साथीने यूटीएफ-८ ही रीत आखली. जगातील सर्व लिप्या जुन्या आस्कीची मोडतोड न करता एकाच फाइलमध्ये नांदाव्यात म्हणून. त्या रीतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे 'नाशिक' पंधरा बाइटांचा. एकाच माणसाने 'एड' लिहिला आणि पुढे त्याच फाइलींत मराठीला जागा करून दिली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पडदे आले आणि एडिटर डोळस झाले. १९७६ च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला. त्याच वर्षी एमआयटीत 'ईमॅक्स' आकाराला आला. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' या एडिटरमध्ये कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांना आजचे रूप दिले. झेड, एक्स, सी, व्ही ही कळफलकाच्या खालच्या ओळीतली शेजारची चार अक्षरे या कामांना वाहिली गेली ती १९८३ च्या ॲपल लिसा संगणकापासून. त्यातला झेड मागे घेण्यासाठी.

हे 'मागे घेणे' म्हणजे अंडू. ते वरवर पाहता जुने राखण्यासारखे दिसते, पण तसे नाही. अंडू स्मरणात ठेवतो तो केवळ या बैठकीचा क्रम, तोही लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी. फाइल बंद केली की बहुतेक एडिटरांत ते स्मरण संपते. दुसऱ्या कोणी उद्या ती फाइल उघडली तर त्याला गुळगुळीत, निर्दोष, जणू एका दमात लिहिलेला मजकूर दिसतो. हरताळाखालचे अंधूक अक्षर तेथे नसते.

एकट्याच्या प्रोग्रामला हे चालून गेले असते. पण एकच मजकूर अनेक जण बदलू लागले, तेव्हा जुनेच प्रश्न पुन्हा उभे राहिले: ही ओळ कोणी घातली, कधी, कशासाठी, आणि आधी येथे काय होते? १९७२ साली बेल प्रयोगशाळेतच मार्क रॉचकाइंड यांनी 'एससीसीएस' ही नोंदप्रणाली तयार केली. तिच्या साठ्यात खोडलेली ओळ खरोखर काढली जात नसे. ती जागच्या जागी राही. अमुक आवृत्तीत घातली, तमुक आवृत्तीत खोडली, एवढी खूण तिच्याभोवती होई, आणि बदलणाऱ्याचे नाव, वेळ व टीप शेजारी. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेला 'गिट' तंत्राने वेगळा, पण हेतूने त्याच वंशातला. एडिटरने पुसायचे आणि नोंदप्रणालीने राखायचे, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

'एससीसीएस'ची ही युक्ती ऐकून नाशिक जिल्ह्यातला कोणताही शेतकरी म्हणेल, हा तर आमचा सातबारा! महाराष्ट्रातील गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. त्यात नाव बदलायचे तर थेट बदलता येत नाही. आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तलाठी नोंद घालतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते, आणि जुन्या नावाला पूर्वी कंस होत असे. 'नाव कंस केले' हा महसूल खात्यातला रोजचा शब्दप्रयोग आहे. कंसातले नाव वाचता येते. त्याचा हक्क मात्र संपलेला असतो. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असे. त्या क्रमांकावरून मागे मागे जात आजोबा-पणजोबांच्या काळात पोहोचता येते. वारसाहक्काचे किती दावे या कंसांवर उभे राहिले आणि पडले!

म्हणूनच हे अभिलेख संगणकावर आले तेव्हा प्रश्न साधा टंकनाचा राहिला नाही. हस्तलिखित सातबारा पाहून कोणी तो संगणकात भरताना एखादे नाव गाळले, क्षेत्राचा आकडा एका घराने सरकवला, तर पडद्यावर ती चूक अगदी नीटस दिसते. तिच्या अंगावर खाडाखोड नसते. २०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली ती यासाठी. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून चूक सांगायची. निगमसभेत ऐकवून मग फलकवारात नोंदवणाऱ्या गोवर्धनाच्या परिसरात ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सातबाऱ्याचा नवा नमुना लागू केला. मयत खातेदारांची, फेडलेल्या बोजांची नोंद पूर्वी कंसात दाखवत. नव्या नमुन्यात तिच्यावर आडवी रेघ मारलेली असते. रेघेखालचे नाव स्पष्ट वाचता येते.